पंपासाठी पेलाभर

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बस शेवटच्या वळणावरून खाली उतरली तेव्हा सगळं खोरं एका नजरेत दिसलं. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मधून एकच रस्ता, रस्त्याच्या कडेने घरं, आणि उत्तरेला रस्ता संपतो तिथे माझ्या धाकट्या बहिणीचं घर. धाकटी फाटकातच उभी होती. तिला मिठी मारली तर माझ्या हाताला नुसती हाडं लागली. विचारलं, काय गं, जेवतेस की नुसती वाढतेस? म्हणाली, ताई, निदान चप्पल काढ आणि मग सुरू कर.

मेहुणे गेल्यापासून ती एकटीच राहते. भाचा शहरात गाडी चालवतो, महिन्यातून एकदा येतो. मीही एकटीच. मग दोन ठिकाणी दोन कुकर कशाला, असा विचार करून मी माझं बिऱ्हाड इथे हलवलं. हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत आयुष्य गेलं. लोकांचं रक्त, थुंकी आणि नको ते सगळं काचपट्टीवर घेऊन पाहिलं. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला जुना सूक्ष्मदर्शक भेट दिला. तो भंगारात जाणार होता हे मला ठाऊक होतं, पण भंगारात जाण्यापेक्षा तो माझ्याबरोबर आलेला बरा.

खोली छान आहे. पूर्वेची खिडकी, तिच्याखाली टेबल, भिंतीत कपाट. खिडकीतून अंगण दिसतं आणि अंगणातला हातपंप. धाकटीने चहा दिला. इतका फक्कड चहा मी कित्येक वर्षांत प्यायले नव्हते. तुझ्या हाताला चव आहे, असं म्हटलं तर लाजली. साठीची बाई, अजून लाजते!

नवी डायरी, नवा पेन. पान उलटायला अंगठा जिभेला लागतोच. कॉन्व्हेंटच्या शाळेत मदर पट्टी मारायच्या, म्हणायच्या, कागद चाटतात त्या शेळ्या. मदर गेल्या, पट्टी गेली, शेळी आहे तशीच आहे.

५ फेब्रुवारी

आज पंपाचं शास्त्र समजून घेतलं. पंप जुना आहे. थोडा वेळ वापरला नाही की त्याच्यातलं पाणी उतरतं आणि दांडा नुसता खडखडतो. मग वरून पेलाभर पाणी ओतायचं, म्हणजे आतली चामड्याची चकती ओली होऊन फुगते, हवा बंद होते आणि खालचं पाणी वर खेचलं जातं. याला इथे पंपाला पाजणं म्हणतात. त्यासाठी पंपाच्या ओट्यावर एक स्टीलचा पेला कायम भरून ठेवलेला असतो. शेवटी पाणी नेणाऱ्याने तो पुढच्यासाठी भरून ठेवायचा. आळीतली सगळी माणसं इथेच पाणी भरतात आणि या नियमात कधी चूक होत नाही. वाहतुकीचे नियम असे पाळले असते तर!

पंपाशेजारी जमिनीत एक लोखंडी नळी पुरलेली आहे. पाणीखात्याने भूजलाची पातळी मोजण्यासाठी ती बसवली आणि मोजणीचं काम धाकटीच्या गळ्यात मारलं. ती पोलादी फितीला खडू फासते, फीत नळीत सोडते आणि वर ओढते. खडू जिथपर्यंत भिजला तिथे पाणी. आकडा फोनवरून खात्याला कळवायचा. खडूच्या वासाने मला एकदम तिसरीचा वर्ग आठवला. आसपासच्या साऱ्या गावांत पाणी खाली खाली चाललंय, आमच्या आळीत मात्र दर आठवड्याला वर येतंय, असं धाकटीने सांगितलं. जणू तिनेच खालून ढकललंय, इतक्या अभिमानाने.

माझं पोट नाजूक, म्हणून मी दुकानदाराकडून सीलबंद पाण्याचे कॅन लावून घेतले आहेत. यावर आळीत हसू झालं. एवढं गोड पाणी दारात असताना ही इन्स्पेक्टरबाई डब्यातलं पाणी पिते, असं समोरची शिवणवाली म्हणाली. माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हणाली. मीही तिच्या कानावर पडेल अशा बेतानेच उत्तर दिलं.

११ फेब्रुवारी

धाकटी सारखं पाणी पिते. तांब्या हातातून सुटत नाही. मला मधुमेहाची शंका आली, रक्त तपासलं. साखर माझ्यापेक्षा चांगली. मग ओठ का फुटलेत? जिभेला भेगा का? म्हणे हवाच कोरडी आहे. हवा मलाही तीच आहे, माझे ओठ नाही फुटले.

ब्लाउज शिवायला शिवणवालीकडे गेले होते. सुईत दोरा ओवताना दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं करायचं, हे जगातल्या कुठल्याही शिवणवालीला शिकवावं लागत नाही. ही बाई दोरा पाण्याच्या वाटीत बुडवते. विचारलं तर म्हणाली, तोंडाला थुंकी येतच नाही हल्ली, वय झालं. हिचं वय चाळीस!

तिथून निघताना शेजारचं तान्हं मूल रडत होतं. चांगलं बेंबीच्या देठापासून रडत होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. चेहरा लालबुंद, डोळे मात्र ठणठणीत कोरडे. आईला म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, उलट बरंय मावशी, पुसावं लागत नाही. आणि पाण्याची बाटली तिने मुलाच्या तोंडाला लावली.

१६ फेब्रुवारी

आज पाणीखात्याच्या कचेरीत गेले. संताप नुसता! आधी एक तास बाकावर बसवून ठेवलं. भिंतीवर आमच्या खोऱ्याचा आलेख लावलाय, हिरव्या रंगात वर चढणारी रेघ. साहेब आले. मी शांतपणे सांगितलं (माझ्या मानाने शांतपणे) की आळीतली माणसं सुकत चालली आहेत, पाण्याची नीट तपासणी करा. साहेबांनी कागद काढले. क्षार नाहीत, नायट्रेट नाही, जंतू नाहीत, सगळ्या जिल्ह्यात एवढं शुद्ध पाणी नाही. मी म्हटलं, साहेब, जमिनीतलं पाणी इतकं शुद्ध नसतंच, त्यात दगडाचं काहीतरी उतरायलाच हवं, तीच मला शंका आहे. त्यावर ते हसले. म्हणाले, बाई, पाणी नाही म्हणून ओरडत येणारे रोज शंभर येतात, पाणी आहे म्हणून ओरडत आलेल्या तुम्ही पहिल्याच. शिपाईसुद्धा हसला. त्या शिपायाचा काय संबंध?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला साहेब स्वतः येणार आहेत. तपासायला नाही, फोटो काढायला. आमचा पंप आदर्श पंप आहे.

येऊ देत. मी पण आहेच.

१९ फेब्रुवारी

पंपाच्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवला आणि उन्हात वाळू दिला. जमिनीतलं पाणी वाळलं की पट्टीवर पांढुरकी कडी उरते, खडबडीत. हजार वेळा पाहिली आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली कडी नव्हती. नेच्याची पानं होती. एका देठाला अनेक फाटे, प्रत्येक फाट्याला बारीक फाटे, पट्टीभर पसरलेली सुंदर नक्षी.

ही नक्षी मी ओळखते. माणसाची थुंकी वाळली की अशी दिसते. अश्रू वाळले की अशी दिसते. विहिरीच्या पाण्याला ही नक्षी येत नाही, कुठल्याच विहिरीच्या नाही.

दुसरा थेंब ठेवला. तिसरा ठेवला. दोन्हींत नेचा. धाकटीला बोलावून दाखवलं तर म्हणाली, अय्या, किती छान, याचं भरतकाम करता येईल.

२१ फेब्रुवारी

आज धाकटीला समोर बसवून खोदून खोदून विचारलं. आधी विषय टाळला, मग खाली मान घालून बोलली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी पंप कोरडा पडला होता. खाली पाणी आहे असं पंपाचा मिस्त्री सांगत होता, फक्त पंपाला पाजायला हवं. पण पाजायला आळीत थेंब नव्हता. पेलाही रिकामा, घराघरांतल्या घागरी रिकाम्या, टँकर रस्त्यात बंद पडलेला. सगळी माणसं पंपाभोवती जमली. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, आता थुंका याच्या तोंडात. आणि यांनी, या शहाण्या माणसांनी, ते खरंच केलं! पेला हातोहात फिरला. शिवणवाली, तिचा नवरा, सासू, पंपाचा मिस्त्री, आमची धाकटी, सगळे एकेक करून त्यात थुंकले. हसत हसत. पुरेना म्हणून परत फिरवला. मग तो पेला पंपात ओतला आणि दांडा मारला. चौथ्या-पाचव्या दांड्याला पाणी आलं. गार, गोड पाणी. त्या दिवसापासून पातळी वर चढते आहे.

आधी किळसच आली, अर्थात. मदरांनी त्या साऱ्या आळीला पट्टीने बडवलं असतं. मी म्हटलं, अगं, क्षयाचे जंतू असतात थुंकीत! धाकटी रागावली. म्हणाली, तुला काय ठाऊक तहान म्हणजे काय, तू शहरात नळाखाली होतीस.

मी काचपट्ट्या पुसायला घेतल्या.

२४ फेब्रुवारी

पंपच बुजवायचा ठरवलं. अंगण धाकटीचं, तिला गोडीगुलाबीने तयार केलं. खालच्या गावातून गवंडी आणला. आळी जमलीच. शिवणवाली ओट्यावर आडवी पडली, म्हणाली माझ्या अंगावर ओता सिमेंट. मी गवंड्याला सांगितलं, ओत. शेवटी ती उठली. दांडा काढला, पंपाच्या नळात आणि मोजणीच्या नळीत काठोकाठ सिमेंट भरलं. सिमेंट त्याने अर्थातच पंपाच्याच पाण्यात कालवलं होतं. दुसरं पाणी होतं कुठे?

संध्याकाळी बरं वाटलं. धाकटीने चहा केला. दोन कप प्यायले.

२५ फेब्रुवारी

सकाळी पाहिलं तर नळाच्या तोंडाशी कोरडी पूड. सिमेंट धरलंच नाही. भुसभुशीत पूड, पिठासारखी, पोत्यातून आत्ता काढल्यासारखी. वाऱ्याने अर्धी उडून गेली होती. कालवलेलं पाणी कुणीतरी त्यातून काढून घेतलं होतं.

गवंडी म्हणाला, भेसळीचा माल. मी म्हटलं, वाळूसुद्धा कोरडी झाली ती कुठल्या भेसळीने? त्याने हत्यारं गोळा केली आणि पाठ फिरवली. आळीने दुपारपर्यंत पूड काढली, दांडा बसवला. पेला भरून ओट्यावर ठेवला. मी ओरडत होते, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

धाकटीने फीत सोडली. फीत वीतभर आत गेली तोच खडू भिजला.

२६ फेब्रुवारी

आज धाकटी अंगणात कोसळली. मी उचललं. एकटीने उचललं, या गुडघ्यांनी! रिकामी परडी उचलावी तशी ती वर आली. हाताची कातडी चिमटीत धरली तर सुटल्यावरही तशीच उभी राहिली, कागदाच्या घडीसारखी. आणि ती मागत काय होती? पाणी. त्याच पंपाचं.

तिच्या उशाशी बसले असताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

थोडं आत ओतायचं, म्हणजे आतलं सगळं वर ओढता येतं. हे पंपाचं शास्त्र. आम्हाला वाटतंय आपण पंपाला पाजतो. दोन वर्षं तोच यांना पाजतोय. पेला पेला. सकाळ-संध्याकाळ. आणि ओढतोय.

पातळी वाढणार नाही तर काय होईल!

अंगणाच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये. धाकटीला आता फक्त कॅनचं पाणी.

२७ फेब्रुवारी

दिवसभर शिव्या खाल्ल्या. लहानपणापासूनचा सगळा हिशेब तिने काढला. मी तुरुंगाधिकारीण, मी हट्टी, मी लग्न केलं नाही कारण मला कुणी सोसलं नसतं. म्हटलं, खरंय, आता हे पी. कॅनचं पाणी तिने तोंडावर फेकलं. परत ओतलं, परत पाजलं. कॅनमध्ये आता तळाशी थोडं आहे, ते तिच्यासाठी. मी दिवसभर काही घेतलं नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे गाडी पुढच्या आठवड्यात येईल. का तर या रस्त्याला कॅन घेणारी मी एकटीच!

आळीतले लोक पाण्यासाठी भिंतीवरून अंगणात उतरतात. मी खिडकीतून बोलते. ऐकत नाहीत.

भाच्याला बोलावलंय.

२८ फेब्रुवारी

धाकटी रडली!

खरं रडली. दुपारी मला म्हणाली, ताई, तुला वाट्टेल ते बोलले गं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. घळाघळा. मी पुसू दिलं नाही. बघत बसले. तुटलं! धार तुटली, पंपात हवा शिरल्यासारखी. तिच्यातून आता त्याला काही ओढता येणार नाही.

तासाभराने भाचा गाडी घेऊन आला. आईला मागे निजवलं. मला म्हणाला, मावशी, तूही बस. बसायला हवं होतं. पण उद्या साहेब येणार. ती काचपट्टी त्याच्या नाकासमोर धरल्याशिवाय मी या खोऱ्यातून हलणार नाही. त्या तान्ह्या मुलाचं कोण बघणार? भाच्याला म्हटलं, आईला पोचव आणि परवा मला न्यायला ये.

गाडी सुरू झाली तेव्हा धाकटीने काचेतून हात काढून माझा हात धरला. म्हणाली, एक सांगायचं राहिलं, रागावू नकोस. कॅनच्या पाण्याचा चहा मिळमिळीत होतो गं. तुला आवडावा म्हणून चहा मी पंपाच्याच पाण्याचा करत होते. उकळून.

पहिल्या दिवसापासून.

मी म्हटलं, जा आता. फार वेळ बाहेर हात काढू नये.

१ मार्च

साहेब आले. फोटोवाला घेऊन आले. मी पट्टी दाखवली, सूक्ष्मदर्शक अंगणात आणून ठेवला. वाकून पाहिलं आणि म्हणाले, वा, निसर्गाची किमया. फोटोवाल्याला त्याचाही फोटो काढायला सांगितला.

मी ओरडले. हात धरला त्यांचा. पिऊ नका म्हटलं. आळी हसली. आवाज माझा मलाच ओळखू येईना, घसा खरवडल्यासारखा. साहेबांनी ओट्यावरचा पेला उचलला, फोटोसाठी हसले आणि घटाघट प्यायले. मग अजून एक. मग अजून. म्हणाले, असं पाणी प्यायलो नव्हतो.

नंतर कागदावर काहीतरी वाचायला लागले. पान उलटायला बोट जिभेला लावलं. पान उलटेना. परत लावलं. परत. बोटाकडे बघत राहिले.

मग हसले आणि पाणी मागितलं.

तान्ह्याची आई दार उघडत नाही. आतून रडण्याचा आवाज नाही.

२ मार्च, सकाळ

कॅन उलटा करून पाहिला. काही नाही.

भाचा आज येणार. संध्याकाळपर्यंत. तेवढंच काढायचं. मी ताठ बाई आहे, यापेक्षा वाईट दिवस काढलेत.

पिणार नाही.

दुपार

आळीत कुणी नाही. शिवणयंत्राचा आवाज नाही. भर उन्हात सगळी दारं बंद. अंगणात मोजणीच्या नळीतून पाणी वर आलंय, ओट्यावरून वाहतंय. चमकतंय. केवढं—

पेला भरलेला आहे. कुणी भरला?

दांडा हलतोय. वारा नाही. वर जातो, खाली येतो. सावकाश.

खाली आला की माझ्या घशात काहीतरी—

ओढल्यासारखं—

भाच्या, अंगणात येऊ नकोस. फाटकातूनच परत फीर. पाणी कुणी दिलं तरी घेऊ नकोस, अगदी मी दिलं तरी. आईला सांग, चहा फक्कड होता. मी रागावले नाही. हे सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे साहेबाच्या वरच्या साहेबाला तरी—

हे पान भरलं. उलटायला अंगठा जिभेला लावला तर अंगठा कोर